पाच अक्षरं

"बाई, यात माझं नाव कुठंय?"

साराबाईनं ती स्मरणिका दोन्ही हातांवर धरली होती, भरलेलं ताट धरावं तशी. आमच्या चर्चच्या मंडळीला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून काढलेली, हिरव्या पुठ्ठ्याची. छापखान्यातून नुकतीच आलेली. पानं उलटली की शाईचा वास यायचा. चर्चच्या ओसरीत पौषातलं ऊन पसरलं होतं, बाया आपापली प्रत पदराखाली घेऊन घराकडं निघाल्या होत्या. साराबाई तेवढी थांबली होती. वाचता येत नव्हतं, पण आपल्या ओवीचं पान तिनं हुडकलं होतं. त्या पानावर लिलीच्या फुलांचं चित्र होतं, आणि चित्राचं पान आपलं, हे पाळकसाहेबांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

मी ओवीच्या खाली बोट ठेवलं.

"इथं."

"काय लिवलंय?"

"सारा उमाप."

तिनं मान तिरपी करून माझ्या बोटाखालची अक्षरं एकेक मोजली. मग एका हाताच्या बोटांवर मोजत स्वतःशी म्हणाली, "सा, रा, उ, मा, प. पाच. हिथंबी पाचच हायती." आणि हसली. तिचा पुढचा एक दात पडलेला होता. हसली की ती लहान पोरीसारखी दिसायची.

मी बोट उचललं, तशी ती स्मरणिका पदराखाली घेऊन गेली. बोटाखाली छापलं होतं: पारंपरिक.

ते माझ्याच हातानं लिहून छापखान्यात गेलं होतं.

आता पंचेचाळीस वर्षं झाली त्याला. प्रवरेच्या काठची आमची ती ख्रिस्ती वस्ती, दगडी चर्च, चाळीसेक घरं. मी मिशनच्या शाळेत मास्तरीण होते आणि बायकांच्या मंडळाची चिटणीस. अकरा वर्षं मंडळात माझीच गीतं म्हटली जायची. वृत्तात बसवलेली, शास्त्रवचनाला धरून. बाया ती म्हणायच्या, आणि म्हणताना कोण जांभई देतं याकडे मी बघत नसे.

मग साराबाई आली. जालन्याकडची, विधवा. सालगड्याचं काम करणाऱ्या एकट्या भावाकडे कायमची राहायला आलेली. पहिल्याच सभेत मार्थाबाईनं तिला डिवचलं, "काय गं, तिकडं जालन्याकडं देवाचं काही म्हणतात का नुसतं बाजरीचंच?" तर ती म्हणाली, "बाजरी दळतानाच देवाचं म्हणतो आम्ही." आणि म्हणाली. मरीया मग्दालिया भल्या पहाटे कबरेशी जाते, पुढं उभ्या असलेल्या प्रभूला मळ्याचा माळी समजते, त्याची ओवी:

मळ्याच्या माळ्या दादा, माझा धनी कुठं नेला
नाव घेऊन हाक मारी, जीव कुडीमंदी आला

माळी दादा म्हणू किती, डोळं पाण्यानं आंधळं
नाव घेतल्याबिगर बाई, कोण कुणाला आढळं

मार्थाबाई, जिच्या तोंडाला वस्ती भ्यायची, ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "अगं ए, परत म्हण."

मी त्या दिवशी उपस्थितीच्या वहीत तारीख चुकीची घातली. आजही वहीत ती तशीच असेल.

पुढच्या महिन्यांत माझी गीतं कुणी बंद केली नाहीत. कुणी काही बोललंही नाही. नुसती ती मागं पडली, पाण्याला वाट सापडली की जुना पाट कोरडा पडतो तशी. बाया खुरपताना तिच्या ओव्या म्हणायच्या, धुणं आपटताना म्हणायच्या. मी तिला 'जालनेवाली' म्हणत असे. "जालनेवालीला सांगा, चटया झटकायच्यात." तिचं नाव मी घेत नसे. मुद्दाम नव्हे, असं मी स्वतःला सांगायची.

एका सकाळी आमचे हे आरशापुढं दाढी करत होते आणि गुणगुणत होते. नाव घेतल्याबिगर बाई. फेसाच्या तोंडानं म्हणाले, "काय ओळ आहे गं. कुणाची?"

"कुणाची असणार," मी म्हटलं, "जुनीच आहे."

इतकं छोटं. चहा गाळता गाळता.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची एक रीत होती. भाकरीचं ताट पाळक फिरवत नसत. ते ओळीनं हातोहात जायचं. देणारानं घेणाराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, हे ख्रिस्ताचं शरीर तुझ्यासाठी मोडलेलं. ताटापुढं सगळे एकेरी. बाई नाही, साहेब नाही, मावशी नाही. आमची आई बायबलबाई होती, गावोगाव पायी फिरून बायांना वचनं सांगायची. पण प्रभुभोजनाला सोळा वर्षांची सून तिला "अन्ना" म्हणायची आणि आई ओंजळ पुढं करायची. आई गेली, रीत राहिली. चार वर्षं मी जालनेवालीच्या शेजारी बसले नाही. ती डावीकडच्या चटईवर दिसली की मी उजवीकडं.

मग ती स्मरणिका ठरली. पाळकसाहेब शाळेत आले. "दीनाबाई, मंडळातर्फे एक गीत छापायचं. साराबाईंची ती माळ्याची ओवी घेऊ. त्यांना लिहिता येत नाही, तेव्हा तुम्ही उतरवून घ्या. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे."

अकरा वर्षं माझी गीतं होती. आता माझं अक्षर होतं.

मी वही घेऊन तिच्या घरी गेले. म्हटलं, सांगा. ती पाय मुडपून बसली, डोळे मिटले, आणि दोन ओळींवर अडकली.

"येत न्हाई बाई."

"चार वर्षं म्हणताय की."

"जातं फिरल्याबिगर शब्द येत न्हाईत." तिनं मूठभर गहू जात्यात घातले. "धरा की खुंट्याला. एकटीनं जड जातंय."

म्हणून मी मास्तरीणबाई तिच्यासमोर बसले आणि खुंट्याला हात लावला. तिच्या हाताखाली माझा हात. जातं घरघरायला लागलं आणि शब्द यायला लागले, जात्याच्या कडेवरून पीठ सांडावं तसे, सहज. मध्येच मी थांबवायची, पिठाच्या बोटांनी लिहायची. एक ओळ नवीन आली, मी कधी न ऐकलेली. म्हटलं, "ही कधी केलीत?" ती म्हणाली, "आत्ता. तुम्ही खुंट्याला हात लावला तवा."

मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटला हेवा. ती ओळ मी उतरवली नाही, आणि आता ती मला आठवतही नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

घरी येऊन स्वच्छ प्रत केली. खाली लिहिलं 'रचना', आणि दोन टिंबं दिली. मग लेखणी थांबली. ओव्यांना कुठं मालक असतो? बाया जात्यावर म्हणतात, एकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला. हिनं तरी कुणाची ऐकली असेल. असा विचार करता करता मला तो शब्द सापडला, आणि तो इतका सभ्य होता. त्यात खोटं असं काही दिसतच नव्हतं. पारंपरिक. पाळकसाहेबांनी वाचलं आणि पुढं पाठवलं. त्यांना वाटलं असणार, तिनंच तसं सांगितलं.

ओसरीतल्या त्या दिवसानंतर मला जेवण गेलं नाही. भाकरी तोंडात घोळायची. आईची आठवण यायची सारखी. जात्याला टाकी लावून पाथरवट गेला की पहिल्या घाण्यात दगडाचा कण उतरतो, बारीक, डोळ्यांना दिसत नाही. आई त्या पिठाची चिमूट मला जिभेवर ठेवायला द्यायची. "कच लागली?" मी मान हलवायची. "थुंक. गिळू नको." एकदा मी म्हटलं, एवढीशी तर आहे, गिळली तर काय होतं? आई म्हणाली, "पोटाला काही होत नाही गं. दातांना सवय होते. पुढच्या वेळी कळत नाही कच आहे ते." आणि पीठ झटकत, जणू दुसरंच काही सांगतेय तशी, म्हणाली, "मनाचंही तसंच असतं. देवानं लावलेली कच असते ती. लागते तोवर बरं."

तेव्हा, त्या पौषात, लागत होती. मी गिळली. एक आठवडा, दोन आठवडे. साराबाई रस्त्यात भेटली की दात दाखवून हसायची. तिनं ते पान पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या लुगड्याच्या घडीत ठेवलंय, असं मार्थाबाईनं सांगितलं. मी "हो का" म्हटलं. माघ गेला, होळी गेली. भाकरी पुन्हा नीट उतरायला लागली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तयारीची सभा असायची. उद्याच्या भोजनाला बसण्याआधी प्रत्येकानं आपलं मन तपासायचं, कुणाशी काही वाकडं असेल तर त्याच्या घरी जाऊन यायचं. सभा संपली. उपस्थितीच्या वहीत बाया सह्या करून गेल्या, ज्यांना येत नव्हतं त्यांनी अंगठे उठवले. मी वही मिटायला घेतली तर शेवटच्या ओळीत अंगठा नव्हता. अक्षरं होती. मोठमोठी, ओळीच्या वर-खाली गेलेली, प्रत्येक काना काठीसारखा दाबून ओढलेला.

पारंपरिक.

"बघा," मागून साराबाई म्हणाली. ती दाराशी थांबली होती, हात पदरात लपवून. "अंगठा सोडला."

"चुलीपुढच्या राखेत गिरवलं, दोन महिने. कुणाला दावलं न्हाई. भावाला काय, त्यालाबी वाचता येत न्हाई. म्हणलं, ईस्टरला समद्यांच्या म्होरं करायची, पण दम निघंना." ती जवळ आली. "बरं हाय का? त्यो शेवटचा उलटा तर न्हाई पडला?"

तो 'क' होता. ती त्याला 'प' समजत होती.

ओसरीत आम्ही दोघीच. बाहेर कुणाची तरी शेळी मेहंदीच्या कुंपणाला तोंड लावत होती. आणि मला एकदम सुचलं. किती सोपं होतं. मी शांतपणे म्हटलं, "छान काढलंत. फक्त छापाची अक्षरं निराळी असतात आणि हातानं लिहायची निराळी. तुम्ही छापाची शिकलात. मी तुम्हाला हातानं लिहायची शिकवते, आत्ताच. दोन मिनिटांचं काम."

"असं व्हय?" ती लगेच खाली बसली. "मला काय ठावं. शिकवा की."

झालं. तिला तिचं खरं नाव मिळणार होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. वहीचं ते पान मी रात्रीतून बदललं असतं. मी लेखणी उचलली, कागदावर 'सा' काढला आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच झालेलं नाही. इतकं मोठं खोटं मी बोलले आणि ते लोण्यासारखं उतरलं.

मी जिभेनं दातांवर चाचपडल्यासारखं केलं. कच लागली नाही.

मला आयुष्यात अशी भीती कधी वाटलेली नाही, ना त्याआधी ना नंतर. नदीला पूर आला होता तेव्हाही नाही.

"साराबाई," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "चार वर्सांत पयल्यांदा मला नावानं हाक मारलीत, बाई."

"हे तुमचं नाव नाही. तुम्ही गिरवलेलं."

"मग कुणाचं हाय?"

"कुणाचंच नाही. ओवी कुणी रचली हे ठाऊक नसलं की तसं छापतात. जुनी, चालत आलेली, असं."

"पण तुम्हाला ठाऊक व्हतं की. जात्यावर माझ्या म्होरं बसला व्हता."

"ठाऊक होतं."

"मग?"

"मला हेवा वाटला. मी मुद्दाम लिहिलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचं नाव म्हणून तेच दाखवलं. आणि आत्ता ते छापाचं नि हाताचं, तेही खोटं. अक्षरं एकच असतात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं वही आपल्याकडं ओढली. आपणच काढलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. बोटाला राखेचा करडा रंग कायमचा बसला होता.

"रोज रातच्याला चूल इझली की म्हणायची मी त्याला. सारा उमाप, सारा उमाप." तिनं वही बाजूला सारली. मग म्हणाली, "आधी मपलं खरं नाव लिवून द्या."

मी लिहिलं. सारा उमाप. ती कागदावर वाकली.

"हे पाचच."

"पाचच."

"ह्यो शेवटचा मला येतोय," 'प'वर बोट ठेवून ती म्हणाली. मग वहीतल्या तिसऱ्या अक्षराकडं पाहिलं. "हितं मी त्याला 'उ' म्हणत व्हते." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ पाहत होतं, पण आलं नाही. तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि उठली.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"ती बुकं कितीक घरी गेली?"

"वस्तीतल्या सगळ्या. चाळीस."

"मग माझ्या एकटीला सांगून काय व्हतंय, बाई." पायरी उतरता उतरता ती म्हणाली, "उद्या सण हाय. दिवस मावळायला अजून टाइम हाय."

मी लेखणी आणि दौत घेऊन निघाले. पहिलं घर पाळकसाहेबांचं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, आपली प्रत स्वतःच आणून पुढं ठेवली. मी शब्द खोडला, वर नाव लिहिलं. मग पुढचं घर. प्रत्येक घरी प्रत मागायची, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न, "का हो बाई, काय चुकलं?" छापखान्याची चूक म्हणता आलं असतं. चौथ्या घरी ते ओठांवर आलंही. तेव्हा मात्र लागली. कचकन. मी उंबऱ्यात उभी राहून इतकी हसले की त्या घरच्या म्हातारीला वाटलं, मास्तरणीला ऊन लागलं.

मार्थाबाई भांडी घासत होती. सगळं ऐकून घेतलं, राखेचे हात तसेच. "मी वाचलं होतं ते," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही शिकलेल्या. असेल त्यात काही." तिनं पातेलं उपडं घातलं. "आणि खरं सांगू? तुमची जिरायला लागलेली बघून मला गंमत वाटत होती. त्यात हे वाचलं, तर म्हटलं बघू ही कुठवर जातीय. तेव्हा मलाही साराकडं जाऊन आल्यावरच उद्या चटईवर बसता येईल. द्या इकडं ती लेखणी, आमच्या प्रतीवर मी लिहिते."

शेवटचं घर आमचं. आमचे हे कंदील पुसत बसले होते. मी आमची प्रत काढली, खोडली, लिहिलं. त्यांनी वाचलं.

"तू तर म्हणाली होतीस जुनीच आहे."

"तिथूनच सुरू झालं," मी म्हटलं.

ईस्टरच्या पहाटे मंडळी गात वस्तीभर फिरते. बाया माळ्याची ओवी म्हणत होत्या. चाळीस घरांना आता ठाऊक होतं ती कुणाची, आणि म्हणताना सगळ्या साराबाईकडं बघत होत्या. तेव्हाही मनात ते हललं, जुनंच. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. आज ऐंशीच्या घरात आहे, तरी कुणाचं चांगलं गाणं ऐकलं की तो डोकं वर काढतो. फक्त तो आला की मला कळतं, आला म्हणून.

प्रभुभोजनाला मी डावीकडच्या चटईवर जाऊन साराबाईच्या अलीकडं बसले. ताट अलीकडून येणार होतं. म्हणजे मी तिला देणार होते, मी तिचं नाव घेणार होते. रात्रभर मनात ते घोकलं होतं. सारा, हे ख्रिस्ताचं शरीर तुझ्यासाठी मोडलेलं. एवढं तरी मला करता येईल, असं वाटत होतं.

ताट आमच्या ओळीला लागलं तशी साराबाई उठली. मला वाटलं, निघाली. ओळीतल्या बायांनाही वाटलं असावं. मार्थाबाईनं मान वळवली. पण ती दोन पावलं मागून फिरून आली आणि माझ्या अलीकडं, मार्थाबाईच्या नि माझ्या मधल्या जागेत, मांडी घालून बसली. मार्थाबाई तिचं नाव घेऊन बोलली, तिला ताट दिलं. साराबाईनं तुकडा घेतला. मग माझ्याकडं वळली.

मी ओंजळ पुढं केली. तिनं ताट धरून ठेवलं होतं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर होती आणि मला खाली बघवत नव्हतं, वरही बघवत नव्हतं. ती मला बाई म्हणून देईल, नाहीतर काहीच न म्हणता देईल. तो तिचा हक्क होता.

"दीना," ती म्हणाली.

पुढंही तिनं म्हटलं असणार, रीतीप्रमाणं, सगळं. मला ऐकू आलं नाही.